मेढ्याचं स्थळ आणि कोयनेचा पतंग

दुपारी मेढ्याची मंडळी संयोगिताला बघायला येणार, म्हणून आकारामतात्या सकाळपासून कडक इस्त्रीचा सदरा घालून घरभर फिरत होते. बसलं तर सदरा चुरगळेल ही भीती. लेक साताऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. उद्या वर्गात कोकणातला कुबडवाला डॉल्फिन आणि कोयनेच्या रानातला ॲटलास पतंग यांची तुलना करायची होती, तिची तयारी ती खोलीत इअरफोन लावून फोनवर कुणाला तरी ऐकवत होती. तात्या दाराशी पोचले तेव्हा प्राण्यांची नावं घेऊन झाली होती.

"प्रजाती दोन्ही भारी," ती म्हणाली, "पण माझा जीव कोयनेच्यावरच!"

'प्रजाती' या शब्दाशी तात्यांची ओळख नव्हती. त्यांना ऐकू आलं 'परजाती'. आणखी थोडं ऐकून ते तडक स्वयंपाकघरात गेले.

"आगं, पोरीचं बाहीर जमलंय. परजातीत! त्येबी दोघं!"

"दोघं?" भामाबाईंचं उलथनं हातातच राहिलं.

"एक कोकणातला, पाठीला कुबड हाय. दुसरा कोयनंकडचा. लय देखणा, पण त्येला तोंड न्हाई."

"मुका हाय?"

"खातच न्हाई कायबी. आन् आठवड्यात मरतोय."

"आई गं! आन् हिला आवडतोय कंचा?"

"मरणारा."

तात्या मटकन खाली बसले. सदऱ्याची शुद्ध राहिली नाही. एकुलत्या एका लेकीपुढं जात काय घेऊन बसायची? त्यांनी मेढ्याला फोन लावला. "नानासो, येऊ नगासा. पोरीचं मन दुसरीकडं हाय."

मग ते लेकीच्या खोलीत शिरले. "पोरी, मेढ्याला न्हाई म्हणून कळीवलंय. परजातीचा असू दे, आमची ना न्हाई. पण त्येला आधी मोठ्या डॉक्टरला दाखवू. मरायचं वय हाय व्हय त्येचं?"

संयोगिताला आधी काहीच कळेना. कळलं तेव्हा ती हसून हसून रडली आणि तिनं लॅपटॉपवर पतंगाचा फोटो दाखवला. तात्या लॅपटॉपवर वाकले.

"ह्यो? पाखरू हाय ह्ये! थांब, नानासोला परत फोन लावतो."

संयोगितानं त्यांचा हात धरला. तिचं हसू थांबलं होतं. "तात्या, परजातीचा असू दे म्हणालात, ते मनापासून?"

"म्हणालो खरं..."

"मग मेढ्याला फोन नको." तिनं इअरफोन काढून अजून चालूच असलेल्या फोनचा स्पीकर लावला. "शिवतेज, ऐकलंस ना?"

"सगळं ऐकलं," फोनमधून आवाज आला. "तात्या, आज आईला घेऊन येऊ का?"

तात्यांनी घाबरून दारातल्या भामाबाईंकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघत बसलायसा?" त्या म्हणाल्या. "दोघंच येणार का आणखी कोण, त्ये इचारा. पोहे भिजवायचं हायत."