समभाव सोसायटीची परिचय उपसमिती

शहरात जात उरलेली नाही, हे आता सर्वमान्य आहे. खेड्यात असेल, खेड्यात अजून बऱ्याच गोष्टी आहेत, उदाहरणार्थ मोकळी हवा. आमच्या बारामतीतल्या समभाव सहकारी गृहनिर्माण संस्थेत तर जात विचारायलाच बंदी आहे. तसा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि विरोध करणारा एकही सभासद निघाला नाही. (निघाला असता तर त्याला 'तुम्ही कुठले' असं विचारावं लागलं असतं.)

परंतु येणाऱ्या शेजाऱ्याची ओळख असावी, यात गैर काय? आपण दूधवाला ओळखीचा बघतो, न्हावी ओळखीचा बघतो. मग भिंतीपलीकडे घोरणारा माणूस अनोळखी कसा चालेल? या उदात्त विचारातून आमची परिचय उपसमिती जन्माला आली. फ्लॅट घेणाऱ्याने आधी समितीपुढे बसून चहा प्यायचा, अशी पद्धत आहे. कायद्यात या पद्धतीला काडीचाही आधार नाही, त्यामुळे ती आजवर कुणाला मोडता आलेली नाही.

समितीचे प्रश्न अगदी निर्मळ असतात. मूळ गाव कुठलं? देव कुठला? नवरात्रात नऊ दिवसांचा उपास, की नुसता उठता-बसता? मामांचं आडनाव काय? मुली कुठल्या भागात देता? (मुलगी नसली तरी हा प्रश्न टळत नाही. असती तर कुठे दिली असती, हे सांगावं लागतं.) सगळं ऐकून झालं की अध्यक्ष आप्पासाहेब एकतर "वा वा, म्हणजे आपलेच की" म्हणतात, किंवा "वा वा, चांगलंच आहे" म्हणतात. पहिल्या 'वा वा'नंतर पेढे येतात. दुसऱ्यानंतर फ्लॅटच्या भिंतीत ओल असल्याचं लक्षात येतं. अशी ओल आजवर सात फ्लॅटांत निघाली. सातही कोरडेठाक आहेत.

गेल्या आश्विनात दुसऱ्या मजल्यावरच्या महिपतरावांनी पुण्याला मुलाकडे जायचं ठरवलं आणि त्यांच्या फ्लॅटसाठी सुमित आणि ज्योत्स्ना हे जोडपं आलं. तो पाटबंधारे खात्यात अभियंता, ती भूलतज्ज्ञ. लेक संस्कृती पहिलीत. सुमितच्या आई पुतळाबाई, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ही मंडळी तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होती, तिथे लिफ्ट नव्हती, आणि पुतळाबाईंनी पावसाळ्यापासून जमीन पाहिली नव्हती. त्यात घरमालकाला दिवाळीच्या आत जागा रिकामी हवी होती. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे आणि ती चालते. (दुसरी बाब दुर्मिळ.)

त्यांचं आडनाव मी देत नाही. देऊन उपयोगही नाही. कारखान्याच्या संचालकाचं, त्याच्या ड्रायव्हरचं आणि त्या ड्रायव्हरला दंड करणाऱ्या न्यायाधीशाचं आमच्याकडे एकच असतं, त्यातलं ते. आडनावांचा हा गलथानपणा समितीला फार जाचतो.

"गाव?" आप्पासाहेबांनी सुरुवात केली.

"पणदरे," सुमित म्हणाला.

"गावात घर का मळ्यात?"

"आधी गावात होतं, आता शेतात बांधलंय."

"ऊस कुठं घालता?" सचिव दीपकरावांनी आशेनं विचारलं.

"माळेगावला."

उसाला जात नसते, हे समितीला त्या दिवशी पहिल्यांदाच जाणवलं आणि वाईट वाटलं.

"घरी घट बसतात ना?"

"घरी बसायला कोण असतंय? हिची ड्युटी, माझा कॅनॉल."

"पण देव?"

"ते आईला विचारा."

मग ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "काका, तुमच्या हर्नियाच्या ऑपरेशनला भूल मीच दिली होती."

"असं? चेहरा लक्षात नाही."

"मास्क होता."

(तेव्हा आप्पासाहेबांनीही डॉक्टरांचं मूळ गाव विचारलं नव्हतं. वेळ कमी होता.)

निर्णय पुढे ढकलण्यात आला. दीपकराव सहज म्हणून पणदऱ्याला जाऊन आले. सहज जाता यावं म्हणून त्यांनी रजा टाकली होती. चहाच्या टपरीवर त्यांना कळलं, की माणसं फार चांगली आहेत. समितीच्या दृष्टीनं ही माहिती अपुरी होती.

तेव्हा सुमितला सोसायटीच्या कोजागरीला सहकुटुंब बोलावायचं ठरलं. आमची कोजागरी दिवेलागणीलाच उरकते, कारण नंतर मालिका असतात. चंद्र आपल्या सवडीनं येतो. सोसायटीकडे दुधासाठी स्टीलचे दीडशे पेले आहेत. त्या वर्षी कागदी कप आणले. (कारण: पर्यावरण.) मोठमोठ्या समाजसुधारकांना जे साधलं नाही ते कागदी कपानं साधलं. सगळ्यांचा कप सारखा, आणि सगळ्यांचाच टाकायचा.

सुमितनं आईला खुर्चीसकट उचलून तीन मजले उतरवलं होतं. अंगणात ती खुर्ची ठेवल्याबरोबर अध्यक्षांच्या पत्नी स्वरूपाताई तिला खेटून बसल्या.

"आजी, माहेर कुठलं तुमचं?"

"मोरगावाकडलं."

"अगं बाई, गणपतीचं! मग दर्शनाला जाणं होत असेल."

"जातो की तिकडं. देऊळ एस्टीच्या वाटंवरच हाय."

"तसं नव्हे. तुमच्यातली लग्नं कशी लागतात?"

"उशिरा. जेवणं खोळंबत्यात."

"आणि पाहुणे कुठले कुठले?"

पुतळाबाईंनी कप खाली ठेवला. "बाई, आमी घर बघाया आलोय. तुमी सोयरीक जमवाया बसलाय व्हय? आमच्या संस्कृतीचं अजून पुढचं दात यायचं हायती."

लोक हसले. स्वरूपाताईही हसल्या, पण उशिरा.

"न्हाय, पुसा की," पुतळाबाई आप्पासाहेबांकडे वळून म्हणाल्या. "काय पुसायचं हाय ते एकदा सरळ तोंडानं पुसा. मी लगीच सांगती. मला त्यात लपवायसारखं काय न्हाय."

अंगणात साठ-सत्तर माणसं, सगळ्यांच्या जिभेवर तो एकच प्रश्न, आणि एकानंही तो विचारला नाही. ठरावाचं इतकं कडक पालन मी दुसऱ्या कुठल्याही सोसायटीत पाहिलेलं नाही.

"छे छे, आजी," आप्पासाहेब म्हणाले, "आम्ही ते मानतच नाही."

"मग द्या घर."

आप्पासाहेबांनी दुधाचा घोट घेतला. बदाम चावला. गिळला.

"भिंतीत ओल आहे," ते म्हणाले.

"सुमित," पुतळाबाई म्हणाल्या, "उचल खुर्ची."

त्या मंडळींनी दिवाळीच्या आत इंदापूरला तळमजल्यावर घर घेतलं. ज्योत्स्नाबाई रोज तिथून बारामतीच्या दवाखान्यात येतात आणि आमच्यातल्या ज्याची पाळी असेल त्याला भूल देतात. पुतळाबाई दारात बसून जमीन पाहतात.

महिपतरावांचा फ्लॅट ऋषिराज नावाच्या तरुणानं घेतला. त्याचे मामा आप्पासाहेबांच्या साडूचे चुलत व्याही निघाल्यानं चहा गाळण्याआधीच पेढे वाटले गेले. ऋषिराज आपली मोठी गाडी लिफ्टच्या दाराला चिकटवून लावतो. तळमजल्यावरून लिफ्टमध्ये आता फक्त मांजर शिरू शकतं. आप्पासाहेब ऑपरेशनची जागा हातानं दाबून धरत चार मजले चढतात. तक्रार नाही. आपलाच माणूस आहे.

त्या कुटुंबाची जात मात्र समितीला शेवटपर्यंत कळली नाही. हे तिचं अपयश आहे आणि ते मी मोकळेपणानं नोंदवतो. मलाही माहीत नाही, आणि या मजकुरात ती कुठेही लिहिलेली नाही. तरीसुद्धा, वाचकहो, तुम्हाला ती केव्हाच कळली आहे; अर्ध्यावर आलात तेव्हाच तुमची खात्री झाली होती, आणि आत्ताही तुम्ही मनातल्या मनात ती एकदा पडताळून पाहिलीत.

समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. मुलाखत घेणार नाही. तुमचं काम आम्ही पाहिलं.