कपाटातून शिकवलेलं इंग्रजी

इंग्रजी शिकवण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं मास्तर छातीठोकपणे सांगत. बायकोलाही ते मान्य होतं. तिला फक्त स्वयंपाकघर परत हवं होतं. मोठ्या माणसांचा वर्ग तिथेच भरायचा, आणि कूकरची शिट्टी झाली की कोणीतरी हजेरी द्यायचं.

शेवटी सासूबाईंच्या घरातली पुढची खोली मागायचं ठरलं. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यातून इंग्रजीच्या. सगळी हयात पोरांकडून पाठ करून घेण्यात गेलेली. त्यांनी अट घातली, की आधी एक वर्ग माझ्यासमोर घ्या. जमलं तर खोली तुमची, नाहीतर मेहुण्याच्या दुकानात सिमेंटची पोती उतरवून घ्या. मेहुणा तर वाटच बघत होता!

मास्तरांनी मुद्दामच भल्याभल्यांना घाम फोडणारा विषय निवडला: 'मस्ट बी बीइंग'. डोळ्यांआड काहीतरी केलं जातंय आणि आपण बाहेरून नुसता अंदाज बांधतोय, तेव्हा हे लागतं. मराठीत आपण सहज म्हणून जातो, "आत काहीतरी कुटलं जात असावं." तेवढंच इंग्रजीत म्हणायचं. मास्तरांची युक्ती अशी, की आपण सासूबाईंच्या खोलीतल्या गाद्यांच्या मोठ्या कपाटात बसून आवाज काढायचे आणि वर्गाने बाहेरून ओळखायचे.

"मी आतून काहीही बोललो, अगदी मराठीत ओरडलो, तरी दार उघडायचं नाही," मास्तरांनी बजावलं. "ती तुमची परीक्षा समजा."

सासूबाई चहा टाकायला आत गेल्या आणि मास्तर कपाटात शिरले. आधी त्यांनी वर्तमानपत्र फाडलं. वर्गातल्या शिंपीणबाई म्हणाल्या, "पेपर मस्ट बी बीइंग टॉर्न." मग घंटी वाजवली. ड्रायव्हरकाका म्हणाले, "अ बेल मे बी बीइंग रंग." मास्तरांची छाती फुगली. ती फुगायला कपाटात जागा नव्हती, म्हणून त्यांनी दार ढकललं.

दार हललंच नाही. बाहेरची कडी आपसूक पडली होती.

मास्तरांनी हलकेच टकटक केली. बाहेर लगेच वाक्य तयार. जोरात थापा मारल्या, दुसरं वाक्य. लाथ घातली, तर नर्सताई अगदी शांतपणे म्हणाल्या, "द डोअर माइट बी बीइंग किक्ड." वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"अहो, कडी पडलीय! उघडा, हात जोडतो!"

बाहेर क्षणभर कुजबुज झाली. सर अभिनयसुद्धा काय झकास करतात, असं कोणीतरी म्हणालं. मग ड्रायव्हरकाकांनी घसा साफ केला. "हेल्प मस्ट बी बीइंग आस्क्ड फॉर."

मास्तरांना रडू यायचंच बाकी होतं. आता सासूबाई येणार, जावई त्यांच्या गाद्यांमध्ये कोंबलेला सापडणार, आणि उद्यापासून सिमेंट. त्यांनी दोन्ही हातांनी दार बडवायला घेतलं. ते जितके घाबरत, तितकी बाहेर वाक्यं सुरेख होत. जो प्रकार मुलं वर्षभर घोकून विसरतात, तो इथे माणसांच्या तोंडून भराभर बाहेर पडत होता.

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात कधीच्या उभ्या होत्या. चहा गार झाला होता.

"आयुष्यभर शिकवलं मी हे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओलसर झाला होता. "एकाच्याही तोंडून असं आलं नाही. जावईबापू, खोली तुमची."

कपाटातलं बडवणं एकदम थांबलं. मास्तर जिंकले होते! अंधारात, गुडघे हनुवटीला लावून, घामाने निथळत का होईना, पण जिंकले होते. आता सासूबाई कडी काढतील म्हणून त्यांनी केस सारखे केले आणि चेहऱ्यावर विजयी हसू आणलं.

बाहेर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. सासूबाई ऐसपैस बसल्या.

"थांबलात का?" त्यांनी विचारलं. "मागच्या रांगेतल्यांचं राहिलंय. बडवा की!"

मास्तरांनी मुकाट्याने पुन्हा दार बडवायला सुरुवात केली.