प्रलयमामा आणि बोलकी डबी

"जगबुडी काही मला थांबवता यायची नाही, पण माझ्या दुकानाच्या उंबऱ्याबाहेर तिला ताटकळत ठेवायला मी समर्थ आहे!" असं मामा ठणकावून सांगायचे. सांगताना त्यांचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर असायचा. त्यामुळे तीस वर्षांत त्यांच्याशी कुणी वाद घातला नव्हता.

मामांचं केस कापायचं दुकान. एक खुर्ची, एक आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. गिऱ्हाइकाच्या मानेभोवती कापड बांधलं की मामांचं तोंड सुरू व्हायचं. मागचे केस होईपर्यंत फोनने माणसाची स्मरणशक्ती खाल्लेली असायची, कल्ले सारखे होईपर्यंत माणूस यंत्रांच्या घरी धुणीभांडी करत असायचा, आणि कापड झटकेपर्यंत जग साफ बुडालेलं असायचं! म्हणून सगळे त्यांना प्रलयमामा म्हणत. पाठीमागे नव्हे हं, तोंडावर. मामांना तो किताब वाटायचा.

त्यांचा खरा राग होता फोनमधल्या पैशावर.

"पैसा कसा हवा? खिशात टोचला पाहिजे!" मामा हवेतच कात्री कचकच चालवत खुर्चीभोवती फेऱ्या मारायचे. स्थिर उभं राहणं त्यांना जमतच नसे. "आणि हा तुमचा फोनमधला पैसा? आकडा आहे नुसता, आकडा! कुठंतरी कुणीतरी एक बटण दाबेल, की गेलं सगळं! शिवाय त्या पैशाला पोटात गोष्ट ठेवता येत नाही. तुम्ही काय घेतलं, किती दिलं, सगळ्या जगाला कळतं!"

"मामा, पण तुमच्या हातातलं ते विजेवर गुरगुरणारं काय आहे? यंत्रच ना?" एकदा ड्रायव्हरने विचारलं होतं. तो बस चालवायचा, त्यामुळे त्याला घाबरण्याची सवय नव्हती.

"हे अवजार! अवजार माणूस धरतो. यंत्र माणसाला धरतं! आणि मान सरळ ठेव, नाहीतर कान येईल हातात!"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मामांच्या ह्या सगळ्या तत्त्वज्ञानाखाली एक साधी, घरगुती भानगड होती. दुकानात दरपत्रक नव्हतं. केस असोत की दाढी, मामा काम नव्हे, माणूस बघून दर लावायचे. गोड बोलणाऱ्याला एक, किरकिऱ्याला दुसरा, दुकानाच्या जागेच्या मालकाला भलताच तिसरा. आणि पैसे घेताना प्रत्येकाच्या कानाला लागून म्हणायचे, "तुम्ही घरचे म्हणून एवढेच हं! बाहेर बोलू नका." प्रत्येक गिऱ्हाईक घडी केलेली नोट मामांच्या मुठीत सारायचं आणि आपण मामांचे किती लाडके, ह्या आनंदात मान चोळत घरी जायचं. तीस वर्षं! कुणी कुणाला बोललं नाही. नोट कुठे बोलते?

पण समोरच्या गल्लीत नवं, काचेच्या दाराचं सलून झालं आणि गिऱ्हाईक गळायला लागलं. लोक खिशात रोकड ठेवीनासे झाले होते. मामी, म्हणजे मामांची बायको, दुकानाच्या वरच्याच खोल्यांत राहून घर सांभाळायची. तिचा हिशेब सरळ होता. मामा तिला सांगायचे, डोकं एक, पन्नास. ती डोकी मोजायची नि पन्नासने गुणायची.

एका शनिवारी तिने गुणाकार केला आणि ताट वाढायच्या आधी निकाल लावला.

"अहो, ह्या महिन्यात असंच चाललं, तर दुकानाला कुलूप. मी माझ्या भावाशी बोलले आहे. त्याच्या गोदामात माणूस हवाय."

"गोदामात? मी? पोती उचलू?"

"पोती यंत्र उचलतं. तुम्ही दिवसभर पडद्यासमोर बसून ते नीट उचलतंय का, ते बघायचं."

मामांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. यंत्राची राखण करायची? तीही मेव्हण्याच्या हाताखाली? त्यापेक्षा जग आजच बुडालेलं परवडलं! त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

रविवारी सकाळी मामी एक डबी घेऊन खाली उतरली. मुठीएवढी, निळी, वर जाळी. आरशाच्या कडेला एक चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवला, पावडर आणि तुरटीच्या मधे डबी ठेवली.

"खातं तुमच्या नावावर काढलंय. तुमच्याकडे फोन नाही, म्हणून निरोप माझ्या फोनवर येतील. लोक ह्या कागदावर पैसे देतील, ही डबी मोठ्याने सांगेल, पैसे आले म्हणून. तुम्हाला काही करायचं नाही. गप्प राहायचं. जमेल?"

आणि ती वर निघून गेली. मामा डबीकडे असे बघत राहिले, जणू पावडरशेजारी विंचू येऊन बसलाय.

रविवार असल्याने बाकडं भरलं होतं. पहिला नंबर औषधवाल्याचा. कोपऱ्यावर त्याचं औषधांचं दुकान. केस झाले, त्याने कागद पाहिला आणि तो हरखला. "वा मामा! शेवटी सुधारलात!" त्याने फोन पुढे केला. मामा "अरे, राहू दे..." म्हणेपर्यंत डबीतून एक बाई खणखणीत आवाजात ओरडली, "ऐंशी प्राप्त झाले, धन्यवाद!"

सगळे दचकले. मग हसले. मामाही हसल्यासारखं करून घामाघूम झाले. बाकी कुणाच्या अजून काही लक्षात आलं नव्हतं. आलं होतं ते फक्त मामांच्या!

त्यांनी ड्रायव्हरचे केस मुद्दाम संथपणे कापायला घेतले. तेवढ्यात औषधवाला जाईल, अशी आशा. पण औषधवाला पेपर उघडून बाकड्यावर पुन्हा बसला! ड्रायव्हर उठला, त्याने फोन काढला.

"तू रोख दे रे. तुझी नोट मला शुभ असते," मामा कुजबुजले.

"सुट्टे नाहीत, मामा."

"साठ प्राप्त झाले, धन्यवाद!"

पेपर खाली आला. "साठ? मामा, मला तर म्हणाला होतात, सगळ्यांत कमी माझ्याकडून घेता!"

"म्हणजे... डोक्याच्या मापावर असतं ते!" मामांनी तोंडाला येईल ते ठोकून दिलं. "तुमचं डोकं मोठं. हुशार माणसाचं असतंच!"

औषधवाला क्षणभर सुखावला. ड्रायव्हरचा चेहरा पडला. "म्हणजे मी बिनडोक?"

मामांना आता एकच सुचत होतं, डबीचा आवाज कमी करायचा. तिच्या पाठीवर तीन बटणं होती. त्यांनी मधलं दाबलं. "साठ प्राप्त झाले, धन्यवाद!" डबी पुन्हा म्हणाली. घाबरून दुसरं दाबलं, तर आवाज दुप्पट झाला. मामांनी तिच्यावर टॉवेल टाकला, टॉवेलावर दुसरा टॉवेल टाकला आणि वर कंगव्यांचा डबा ठेवला.

तोवर नुकतेच आत आलेले घरमालक रांग मोडून खुर्चीत विराजमान झाले होते. दुकानाची जागा त्यांचीच. डोक्यावर म्हणाल तर कानांच्या वर दोन झुबके, बाकी सगळं मोकळं मैदान. मामांचं काम दोन मिनिटांत आटपलं. मालकांनी शांतपणे कागदासमोर फोन धरला, आणि टॉवेलांच्या ढिगाखालून आवाज घुमला, "एकशे वीस प्राप्त झाले, धन्यवाद!"

"एकशे वीस?" औषधवाला आणि ड्रायव्हर एका सुरात ओरडले. मग दोघांनी मालकांच्या टकलाकडे पाहिलं आणि फुटले!

मालक लाल झाले. "हसता कशाला? हाच तर दर आहे ना? मामा, तुम्ही तर म्हणालात, बाकीच्यांना दीडशे!"

"मालक, तुम्ही दर वर्षी भाडं वाढवता," मामांच्या तोंडून निसटलं, "मग मी ते आणायचं कुठून? तुमच्याच डोक्यावरून काढतो!"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण बिंग फुटलं ते फुटलंच. मालक उठून उभे राहिले आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागले. अकरा वर्षांची स्वतःचीच भाडेवाढ स्वतःच भरली, हे त्यांना हळूहळू उमगत होतं.

ह्या गदारोळात खुर्चीत कोण बसलं? मास्तर! बंद पडलेल्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. ताठ कणा, इस्त्रीचा सदरा. कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायचे नाहीत, असा लौकिक. मामांच्या तोंडचं पाणीच पळालं. कारण मास्तरांचा दर डबीने सगळ्यांसमोर ओरडून सांगितला, तर मास्तर परत ह्या दुकानाची पायरी चढणार नव्हते.

एका गालाची दाढी झाली. दुसऱ्या गालावर फेस होता, तेवढ्यात मास्तरांनी कापडाखालून हात बाहेर काढला. हातात नवाकोरा फोन.

"मुलीने घेऊन दिलाय. कालच शिकलो. आत्ताच देऊन बघतो, विसरायच्या आत."

"मास्तर, नको! फेस वाळेल! पुढच्या वेळी द्या!"

"उधारी? मी?" मास्तरांच्या भुवया वर गेल्या. "जन्मात केली नाही!"

मामांनी कागदावर हात ठेवला. मास्तरांनी तो शाळेतल्यासारखा बाजूला सारला. मामांनी डोळे मिटून घेतले.

"वीस प्राप्त झाले, धन्यवाद!"

मास्तर अर्धा फेस घेऊन सावकाश वळले. "ह्यांचे ऐंशी, ह्यांचे साठ, ह्यांचे एकशे वीस. आणि माझे वीस? मी काय भीक मागायला बसतो ह्या खुर्चीत?"

तीस वर्षांत पहिल्यांदाच मामांना एकही भाकीत सुचेना. "मास्तर, रागावू नका," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "शाळा बंद पडली त्या वर्षी तुम्ही इथे बसून खिसे चाचपत होतात. माझ्याने बघवेना. मी म्हटलं, वीस झाले. मग वाढवायला जीभच रेटली नाही."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे वेड्या, त्याला चौदा वर्षं झाली! माझ्या पगाराची सगळी थकबाकी केव्हाच मिळाली मला! मला वाटायचं, वीसात दाढी करणाऱ्या ह्या गरीब माणसाचं भागतं कसं? म्हणून घरी विजेवरचं दाढीचं यंत्र असून मी दर रविवारी येतो! तुझ्यावर उपकार म्हणून!"

"यंत्र?" मामा कळवळले. "मास्तर, तुमच्याकडे यंत्र?"

पण त्यांचं दुःख ऐकायला कुणाला वेळ नव्हता. "आम्हालाही वीस लावा!" ड्रायव्हर गरजला. "मागचे परत करा!" औषधवाला ओरडला. "नाहीतर चाललो आम्ही समोरच्या सलूनमध्ये!" मालक तर दुकानच रिकामं करा म्हणायला लागले. मामा खुर्चीभोवती गरागरा फिरत होते. डोळ्यांपुढे गोदाम, पडदा आणि पडद्याशेजारी पान चघळणारा मेव्हणा. वीसने दुकान चालत नाही, आणि वीस नाही लावले, तर गिऱ्हाईक राहत नाही!

अशा वेळी जिन्यावर पावलं वाजली. मामी! हातात फोन.

"चार डोकी," ती दारातूनच म्हणाली, "आणि दोनशे ऐंशी?"

सगळे दाराकडे वळले. एकशे वीस देणारे मालकसुद्धा.

"मी दोनशे धरून बसले होते. डोकं एक, पन्नास! तीस वर्षं तेच ऐकतेय मी! मग वरचे कुठे जातात हो?"

"अगं, ते... म्हणजे..." मामांची त-त-प-प झाली. ओठ शिवून ठेवले असते तरी चाललं असतं, पण डोळ्यांनी घात केला. ते आरशाकडे वळले. मागोमाग सगळ्यांचे डोळे आरशाकडे वळले. मामीने आरशामागे हात घातला आणि एक गच्च भरलेली कापडी पिशवी ओढून काढली. नोटाच नोटा!

"हे काय?"

"तरतूद," मामा खाली बघून म्हणाले. "ते बटण दाबतील ना कधीतरी, त्या दिवसासाठी. सगळं जग उघड्यावर येईल, निदान तू तरी येऊ नयेस. मला खरंच भीती वाटते गं. सगळे हसतात, पण मला वाटते."

मामीचे डोळे भरून आले. मास्तरांनी गालावरचा फेस पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. मग मामीने पिशवी काखेत मारली.

"दुकान बंद होणार नाही," ती म्हणाली. मामांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "आजपासून सगळ्यांना सत्तर. मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे, पाटी लिहा. मालक, तुमचे पन्नास वाचले, भाड्याचं नाव काढू नका. आणि अहो, ही पिशवी नि सगळा गल्ला ह्यापुढे माझ्याकडे. तुम्हाला चहापाण्याला रोज मी पाठवीन."

दुकान आता बरं चाललंय. पाटीवर सगळ्यांना एकच दर आहे, मास्तरही सत्तर देतात. मामा अजून जग बुडवतात, पण अधूनमधून डबीकडे बघत, जरा घाईघाईने. कारण दहाच्या सुमारास, दुकान ऐन भरात असताना, मामी वरच्या खोलीतून फोनवर त्यांचा हातखर्च पाठवते, आणि तिने काही दरपत्रक लावलेलं नाही. परवा डबी म्हणाली, "पन्नास प्राप्त झाले, धन्यवाद!" काल म्हणाली, तीस.

आज ती म्हणाली, "पाच प्राप्त झाले, धन्यवाद!"

बाकड्यावरच्या सगळ्यांनी एकदम पेपर खाली केले.

"मामा," ड्रायव्हरने हळूच विचारलं, "काल घरी काय बोललात?"