विश्वासू व्यक्ती

पासवर्ड, खाती, कोड या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा! म्हणूनच बायकोने ग्रंथपालाच्या जागेसाठी अर्ज भरला तेव्हा मी बजावलं, "तुझा नको, माझा ई-मेल दे. तू पासवर्ड विसरशील." बिचारीने दिला.

मंगळवारी तिला ग्रंथालयातून फोन आला. मुलाखतीचं पत्र ई-मेलने पाठवलंय, पाचच्या आत त्यावरूनच होकार कळवा, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावू. साडेचार वाजले होते. मी ऐटीत पासवर्ड टाकला. चूक! दुसरा टाकला. चूक! तिसऱ्यानंतर खात्याला कुलूप लागलं.

"आता मोबाइलवर कोड येईल," मी म्हणालो.

कसला येतोय! महिन्यापूर्वी जाहिरातींचे मेसेज बंद करताना मी सगळेच मेसेज बंद करून बसलो होतो. मोबाइल कंपनीत विचारलं, तर पुन्हा सुरू व्हायला दोन दिवस लागतील म्हणे. बायको घड्याळाकडे बघत होती. तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली : 'कोड तुमच्या विश्वासू व्यक्तीला पाठवला आहे. मुदत दहा मिनिटं.'

"ही कोण?" बायकोने विचारलं.

"तुझा दादा," मी पडेल आवाजात म्हणालो.

सहा वर्षांपूर्वी मेव्हण्याने आणि मी शेजारी बसून खाती उघडली, तेव्हा आमचं गूळपीठ होतं. गेली दोन वर्षं मात्र अबोला. त्याची शिडी मी परत केली नाही असं त्याचं म्हणणं. केली, असं माझं.

"तूच बोल ना त्याच्याशी."

"खातं तुमचं, अबोला तुमचा!" तिने नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"अरे वा, जावईबापू! शिडी सापडली वाटतं?"

"दादा, तुम्हाला सहा आकडी कोड आलाय. जरा लवकर सांगा."

"आलाय की. सात, शून्य, चार, दोन…" तो थांबला.

"पुढे?"

"पुढचे दोन शिडीनंतर."

"अहो, शिडी तेव्हाच दिलीय! शपथेवर सांगतो!"

बायको तरातरा मागच्या गॅलरीत गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, आपण टॉवेल वाळत घालतो ती शिडी मग कोणाची?"

मी कबूल केलं. दुसरं करणार काय!

"नऊ, एक," मेव्हणा म्हणाला.

चार सत्तावन्नला होकार गेला. बायकोचे डोळे भरून आले. "थँक्यू, दादा," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी फोन ठेवणार, तोच मेव्हणा खाकरला. "जावईबापू, जरा एक काम होतं. आठ महिने झाले, माझंही खातं अडकलंय. विश्वासू व्यक्ती म्हणून मी तुमचाच नंबर दिला होता. म्हटलं, बोलणं नाही, तर मागायचं कसं? हा बघा, आत्ता बटण दाबलं. तुम्हाला मेसेज आला असेल. वाचा बरं कोड!"

मी माझ्या मुक्या मोबाइलकडे बघितलं.

"आला ना?" त्याने विचारलं.

"दादा," मी म्हणालो, "मी शिडीच घेऊन येतो."