पान सदतीस

मतदानाचं पिवळं कार्ड सकाळी आठला सापडेना, तेव्हा योस्टने सवयीप्रमाणे आधी आपल्या मुलीचं नाव घेतलं. वखारीत फळी वाकडी कापली गेली, तरी घरी येऊन तो तिच्यावरच घसरायचा.

"उर्सिना, माझं कार्ड कुठे टाकलंस?"

"मी तुमच्या वस्तूंना हात लावत नाही बाबा. तुम्हीच दम दिलाय तसा." उर्सिना शांतपणे पावाला लोणी लावत होती. फेब्रुवारीत तिला सोळा पूर्ण झाली होती, आणि घरातलं सगळं रामायण त्यावरूनच चाललं होतं.

आज ग्लारुसच्या मैदानात वर्षाची सभा होती. मताचं वय अठरावरून सोळावर आणायचं की नाही, हे सगळा प्रांत कार्डं वर करून ठरवणार होता. योस्ट विरोधात बोलणार होता. तसं त्याने गावच्या खानावळीत छातीठोकपणे जाहीर केलं होतं. भाषण चार पानी. पहिला मुद्दा, सोळाव्या वर्षी राजकारण कळत नाही. दुसरा, या वयात स्वतःच्या वस्तू सांभाळायची अक्कल नसते. महिनाभर तो हे मुद्दे उर्सिनावर परजत होता. गेल्याच आठवड्यात सभेची पुस्तिका तिच्यापुढे आपटून म्हणाला होता, "आधी हे वाच, मग मत माग."

कपाटं उपसून झाली. कोटांचे खिसे उलटे झाले. कुत्र्याला उठवून त्याचं अंथरूणही झटकलं.

"फ्रीजमध्ये बघितलंस?" बायकोने, रेगुलाने विचारलं.

"दोनदा."

"मग मी निघते. माझं कार्ड पंधरा दिवस पर्समध्येच आहे."

मैदानाच्या दाराशी मेल्क कार्डं तपासत उभा होता. योस्टचा शाळेपासूनचा दोस्त.

"कार्ड?"

"अरे, मी योस्ट. एका बाकावर बसलोय आपण."

"माहीत आहे. माझी पट्टी तूच मोडलीस. कार्ड?"

"मला भाषण करायचंय रे."

"गेल्या साली बिनकार्डाच्या माणसाला बाहेर काढा म्हणून कोण बोंबलत होतं?"

बोंबलणारा योस्टच होता. सोबत आलेल्या उर्सिनाने त्याचा कोपर धरला. "बाबा, शाळेच्या पोरांना बिनकार्डाचं आत सोडतात. अगदी पुढे, व्यासपीठापाशी. या माझ्याबरोबर."

मेल्कने मान खाजवली. "पोरांच्यात बसणार असशील तर जा. पण तोंड बंद आणि हात खाली."

अशा रीतीने वखारीचा मालक तिसरीच्या वर्गाबरोबर बुटक्या बाकावर बसला, गुडघे हनुवटीला टेकवून. व्यासपीठावरून सभेच्या प्रमुखांनी विचारलं, "विरोधात कोण बोलणार?" गर्दीतून आवाज आले, "योस्ट बोलणार होता. गेला कुठे?" योस्ट बूट बांधायला खाली वाकला आणि बराच वेळ बांधत राहिला. शेवटी एक निवृत्त मास्तर उठले. ते विरोधातच बोलायला उठले होते, पण बोलता बोलता गावच्या नळांवर घसरले.

मग कार्डं वर झाली, आधी बाजूची, मग विरोधाची. प्रमुखांनी मैदानावर नजर फिरवली. कुठली जास्त ते कळेना. पुन्हा कार्डं वर, पुन्हा नजर. तिसऱ्या वेळी योस्टचा जीव राहीना आणि हात आपोआप वर गेला. शेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीने तो धरून खाली ओढला.

"काका, आपल्याला मत नसतं."

चौथ्या वेळी प्रमुखांनी निकाल दिला. मताचं वय सोळा.

दुपारी घरी सॉसेज होतं, बटाट्याचा लगदा होता, पण योस्टने ताट बाजूला सारलं. हरलो कशाने ते तरी बघावं, म्हणून त्याने उर्सिनाच्या टेबलावरची पुस्तिका आणून उघडली. पान सदतीस. सोळा वर्षांचा ठराव. आणि त्यावर पिवळं कार्ड, त्याने स्वतःच खुणेसाठी ठेवलेलं.

त्याने कार्ड उचलून उलटसुलट करून बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"सापडलीस. पुस्तिका उघडलीसुद्धा नाहीस तू. म्हणे मत द्या."

"दोनदा वाचली बाबा," उर्सिना म्हणाली. "सदतिसावं पान तर तीनदा."

"मग हे कार्ड?"

"तुमची खूण होती ती. तुमच्या वस्तूंना मी हात लावत नाही."

रेगुला खाली मान घालून बटाटे चिवडत होती, पण तिचे खांदे हलत होते. योस्टने पुस्तिका मिटली. मग त्याने खिशातून भाषण काढलं, पेन्सिल मागून घेतली आणि पहिला मुद्दा खोडला. जरा थांबून, दुसराही.