यंत्रावरची धूळ

घड्याळजीने अर्जातला सातवा प्रश्न चौथ्यांदा वाचला आणि डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. सरकारने नवा कायदा केला होता: हौसेखातर बिनतारी यंत्र बाळगणाऱ्याने परवाना घ्यावा, नाहीतर यंत्र जप्त. इथवर ठीक होतं. पण सातवा प्रश्न विचारत होता, 'हे यंत्र यापूर्वी वापरले आहे काय?' होय म्हणावं तर विनापरवाना वापराचा गुन्हा. नाही म्हणावं तर आठवा प्रश्न दबा धरून बसलेला: 'मिनिटाला बारा शब्द पाठवता येतात काय?'

"न वापरता कसे येतील?" त्याने बायकोला विचारलं.

"लिहा, आईच्या पोटात असतानाच शिकलो म्हणून."

नववा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा होता. एखाद्या परवानाधारकाची शिफारस हवी होती, आणि गावात परवानाधारकच नसेल तर तपासनिसाची.

हे यंत्र घड्याळजीने तीन वर्षं खपून बनवलं होतं. दुकान बंद झालं की तो माडीवर जाऊन मोर्स लिपीत निरोप पाठवायची कळ दाबत बसे आणि कुठूनतरी एक अनोळखी माणूस उत्तर देई. नावगाव विचारायचं नाही, असा दोघांचा अलिखित करार होता. घड्याळजीने त्याला आपल्यापुरतं खाकऱ्या म्हणायला सुरुवात केली, कारण निरोपाआधी तो घसा साफ केल्यासारखी कळ दोनदा उगाच टकटकवायचा. खाकऱ्याचा उजवा गुडघा दुखायचा आणि त्याची सासू आठ महिन्यांपूर्वी चार दिवसांसाठी आली होती. घड्याळजीला जगात दुसरा मित्र नव्हता. यंत्र गेलं की हाही जाणार होता.

शेवटी त्याने खाकऱ्यालाच सल्ला विचारला. उत्तर आलं: 'सातव्याला नाही लिही. तपासनीस महासंशयी आहे. यंत्रावर धूळ दिसली पाहिजे.'

इथेच घोडं अडलं.

"माझ्या घरात धूळ?" बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली. "एकवीस वर्षं झाली. कुणी चिमूटभर काढून दाखवावी!"

अर्ज घ्यायला तपासनीस दुसऱ्या दिवशी सकाळीच यायचा होता. मग तिनेच पिठाचा डबा आणला आणि यंत्रावर चाळणीने पीठ चाळलं. कळ बोटांनी घासून चकचकीत झाली होती, तिला काजळ फासलं. यंत्राची छपरावरची तार उतरवायला वेळ नव्हता, म्हणून तिच्यावर दोन ओल्या चादरी टाकल्या.

तपासनीस किडकिडीत होता. आत येण्याआधी त्याने पायपुसणं उचलून खाली पाहिलं. जिना चढून आल्यावर तो कठडा धरून बराच वेळ उभा राहिला. घड्याळजीला वाटलं, हा कान देऊन काहीतरी ऐकतोय.

"छपरावर काय आहे?"

"कपडे वाळत घातलेत," बायको म्हणाली.

"इतक्या उंच?"

"वर वारं चांगलं असतं."

"आणि काढता कसे?"

"वाळले की पडतात आपोआप."

तपासनिसाने वहीत काहीतरी टिपलं. यंत्रावरून एक बोट फिरवलं, ते नाकाजवळ नेलं आणि मग चक्क चाटलं.

"हे पीठ आहे."

"धूळच आहे, साहेब. जरा पांढरी आहे, इतकंच."

"हे असं करायला कुणी सांगितलं तुम्हाला?" तपासनिसाचा आवाज एकदम खाली आला. "मला त्या माणसाचं नाव हवंय. नाव सांगा, यंत्र ठेवा. नाही सांगितलं तर मी ते आत्ता घेऊन जातो."

घड्याळजीने यंत्राकडे पाहिलं. तारेचं एकेक वेटोळं त्याने हाताने गुंडाळलेलं होतं. "नाव मला माहीत नाही," तो म्हणाला, "आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. घेऊन जा."

बायकोने तोंडाला पदर लावला. तपासनीस मात्र त्याच्याकडे बघतच राहिला, मग खुर्ची ओढून यंत्रापाशी बसला. "नियमाप्रमाणे परीक्षा घ्यावी लागेल. मी निरोप वाजवतो, तुम्ही उतरवून घ्या."

त्याने कळीवर बोट ठेवलं आणि दोनदा उगाच टकटकवलं.

घड्याळजीची पेन्सिल जागीच थांबली. आधी त्याला संताप आला. म्हणजे तीन वर्षं हा आपल्यावर पाळत ठेवत होता? ते दुखणं, ती सासू, सगळी थापच? निरोप एका अक्षरानेही न चुकता उतरवून झाल्यावर त्याने कळ आपल्याकडे ओढली आणि वाजवलं: 'गुडघा कसा आहे?'

तपासनीस वहीत गुण लिहीत होता. त्याचा डावा हात आपोआप कळीकडे गेला. 'ठणकतोय. जिना फार.' मग तो हात तिथेच गोठला.

दोघांचीही बोटं काजळाने काळी झाली होती. अखेर तपासनिसाने उठून दार लोटलं आणि तो दबक्या आवाजात म्हणाला, "मी धूळ म्हणालो होतो. पिठाचं डोकं कुणाचं?"

"माझं," बायको म्हणाली. "सासूबाई गेल्या का हो तुमच्या?"

"नाही ना," तपासनीस कळवळून म्हणाला.

त्याने सातव्या प्रश्नासमोर 'नाही, धूळ पाहिली' असं लिहिलं, नवव्यासमोर सही ठोकली आणि परवाना क्रमांक एक घड्याळजीच्या हातात ठेवला. मग आतल्या खिशातून दुसरा एक अर्ज काढला. त्याची घडी पार झिजलेली होती.

"हा माझा. स्वतःची शिफारस स्वतःला करता येत नाही. गावात परवानाधारक तुम्ही एकटेच. नववा प्रश्न तेवढा बघा."

घड्याळजीने खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि अर्ज वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. सातव्यापाशी तो थांबला.

"यापूर्वी वापरलंय का हो, साहेब?"

"छे छे!"

"असं?" घड्याळजी अर्जाची घडी घालत म्हणाला. "मग उद्या धूळ बघायला येतो."