धोंडोजीअण्णांचा धंद्याचा खर्च

धोंडोजीअण्णांनी नवी कवळी बसवली आणि तिचे पैसे टेलरिंगच्या दुकानाच्या खर्चात दाखवले. इन्कम टॅक्सच्या साहेबानं विचारलं, दात तुमचे, त्यात दुकानाचा काय संबंध? अण्णांनी कवळी काढून त्याच्या टेबलावर ठेवली आणि बोळक्या तोंडानं विचारलं, "मग टाचण्या कुठं धरू?" साहेबानं घाईघाईनं सही केली म्हणे. म्हणे अशासाठी, की ही हकिगत अण्णांचीच, आणि ती दर खेपेला थोडी सैल व्हायची.

बंगळूरच्या मल्लेश्वरमात ते आमचे शेजारी, भाड्याच्या घरात. घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे मराठीत कानडी इतकं की पुण्याहून आलेली माझी बायको पहिलं वर्षभर नुसती मान डोलवत होती. अण्णांनी लग्न केलं नव्हतं. बायको धंद्याच्या खर्चात बसत नाही म्हणून, असं मी चिडवायचो. ते हसायचे नाहीत, विचारात पडायचे.

बाकी सगळं बसायचं. हॉटेलात कॉफी प्यायले, तर ती शेजारच्या टेबलावरच्या कॉलरी बघायला. सिनेमा पाहिला, तर हिरोच्या कोटाचा कट बघायला. मांजराचं दूधसुद्धा खर्चात, कारण लोकरीचं कापड उंदरांपासून राखणारा तो दुकानाचा वॉचमन. "स्वल्प डोकं चालवायचं, मास्तर," मला सांगायचे. मी हायस्कुलात गणित शिकवायचो. कागदावर हा माणूस इतका कंगाल होता की एका वर्षी टॅक्सवाल्यानंच त्यांना कॉफी पाजली.

मग घरमालकानं घर विकायला काढलं. तो मद्रासला मुलाकडे निघाला होता. जुने भाडेकरू म्हणून त्यानं आधी अण्णांना विचारलं. अण्णांना घर हवंच होतं, आणि ते अक्कासाठी. अक्का म्हणजे त्यांची थोरली विधवा बहीण. डोळे पार गेलेले, पण त्या घरात न चाचपडता फिरायची. चुलीपासून तुळशीपर्यंत सगळं पायांना पाठ. दुसऱ्या घरात गेली की ती खरी आंधळी होईल, अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं सरळ वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

कर्जासाठी आम्ही हाउसिंग सोसायटीत गेलो. सेक्रेटरीनं कागद बघून विचारलं, एवढ्या उत्पन्नात तुम्ही जेवता कसे? आणि हप्ता कुठून भरणार? वर्षानुवर्षं मेहनतीनं कमावलेली गरिबी अशी अंगाशी आली.

जुना कर भरून टाकायचा आणि उत्पन्न खरं दाखवायचं, असं ठरलं. मी पेन्सिल घेऊन बसलो. कॉफी घरची झाली, सिनेमा घरचा झाला. मांजराला नोकरीवरून काढताना अण्णांचा चेहरा बघवेना. कवळीसाठी तर ते माझ्याशी भांडले, पण तीही गेली. राहिला एका काजे करणाऱ्या कारागिराचा पगार. तो खराच असणार, म्हणून मी त्याला हात लावला नाही.

पुढं सेक्रेटरी घर बघायला आला. ओसरीवर बसून त्यानं आकडे लावले. उत्पन्न अजून थोडं कमी पडत होतं. हा काजेवाला कारागीर कोण, त्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, अक्का.

आत अक्का मांडीवर शर्ट घेऊन काजे करत बसली होती. सेक्रेटरी जाऊन बघून आला. मीही पाहिलं. एक काज उत्तरेला, तर दुसरं दक्षिणेला. अण्णा रोज सकाळी दुकान उघडण्याआधी काजे उसवून नव्यानं करत बसलेले मला दिसायचे, आणि मी समजायचो की कारागीर भिकार मिळालाय.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. त्यानं समजावलं, पैसा घरातल्या घरातच राहतो, म्हणजे हा पगार नव्हेच, तुमचंच उत्पन्न. बहिणीला सांभाळतो एवढं कबूल करा, कर्ज आत्ता मंजूर करतो. आतली सुई थांबली.

अण्णा मोठ्या आवाजात म्हणाले, "साहेब, ती माझी पगारी कारागीर आहे. तिच्यावाचून दुकान चालत नाही. लिहून घ्या."

त्यानं लिहून घेतलं आणि कर्ज हुकलं.

तो गेल्यावर मी अण्णांना फाटकापाशी गाठलं आणि सरळ मूर्ख म्हणालो. कवळी सोडलीत, मांजर सोडलंत, आणि सगळ्यात खोटं तेच धरून बसलात? ज्या घरासाठी हा खटाटोप, ते तिच्यासाठीच ना?

"नवं घर तिला हळूहळू पाठ होईल, मास्तर," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "पण भावाच्या जिवावर बसून खाते, हे एकदा तिच्या मनात बसलं तर मी ते कसं काढू?"

मी फाटकाची कडी उगाच काढली आणि पुन्हा लावली.

तेवढ्यात आतून अक्काची हाक आली. "धोंडू, साहेबाला सांगितलंस ते ऐकलं मी. माझ्यावाचून दुकान चालत नाही ना? मग पुढल्या महिन्यापासून पगार वाढव."

"सरी अक्का, वाढवतो," अण्णा म्हणाले, आणि डोळे पुसत, किती वाढवू ते विचारायला आत गेले.